उत्तर माहीत असतं, मग ऐन वेळी आठवत का नाही?

रविवार सकाळचे दहा प्रश्न आता बऱ्याच घरांत ठरलेले असतात. कुणाकडे ते वर्तमानपत्राच्या पुरवणीतून येतात, कुणाकडे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, तर कुणाचा भाचा मोबाईलवरून मोठ्यानं वाचून दाखवतो. नागपुरात या वेळी हातात तर्री-पोह्यांची प्लेट असते. प्रश्न वाचून होतो न होतो तोच कुणीतरी ओरडतं, "थांब बे, सांगू नको! येऊन राहिलं मले." मिनिटभर सगळे थांबतात. काही येत नाही. मग उत्तर वाचलं जातं आणि तोच माणूस कपाळावर हात मारतो, "अरे, हे तर माहीत होतं!"

त्याला खरंच माहीत होतं का? बहुतेक वेळा होतं. आणि माहीत असूनही आठवलं नाही, हेही तितकंच खरं. असं का होतं याचा मानसशास्त्रज्ञांनी कसून अभ्यास केला आहे, आणि त्यातले कितीतरी प्रयोग चक्क अशाच सामान्यज्ञानाच्या प्रश्नांवर झाले आहेत. दर आठवड्याला क्विझ खेळणाऱ्यांनी ते समजून घ्यायला हवेत असं मला मनापासून वाटतं. कारण आपल्यातले बरेच जण खेळातला सगळ्यात मोलाचा भागच गाळतात: प्रश्न वाचला की नजर लगेच खाली, उत्तराकडे.

म्हणून हा लेखही खेळत खेळतच वाचा. प्रश्न असा: १९४९ साली सुरू झालेल्या एका सेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रोज रात्री विमानं निघायची. मध्यरात्रीनंतर ती सगळी एका शहरात एकत्र यायची, आपसांत काहीतरी बदलून घ्यायची आणि सकाळपर्यंत आपापल्या गावी परतायची. शहर कोणतं, आणि ती काय बदलून घ्यायची?

शहर तुम्ही ओळखलं असेल. दुसऱ्या भागाचं उत्तर कागदावर लिहून ठेवा, अंदाज असला तरी चालेल. खरं उत्तर पुढे येतंच आहे.

साठवण वेगळी, काढणं वेगळं

इतवारीतलं ठोक किराण्याचं एखादं जुनं दुकान डोळ्यांसमोर आणा. पुढे मालकाची गादी, मागे लांबच लांब गोदाम. गिऱ्हाईक येऊन नागकेशर मागतं. ते मिळेल की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं. पोतं आत आलेलं आहे का, ही एक. आणि ते कुठल्या रांगेत आहे हे गड्याला चटकन सापडतं का, ही दुसरी. हळद-मिरची रोज लागते, म्हणून ती गादीपाशीच असते. नागकेशर वर्षातून दोनदा मागितलं जातं, त्यामुळे त्याच्यापुढे दहा पोती येऊन पडलेली असतात. माल आहे, पण हाताला लागत नाही.

रॉबर्ट आणि एलिझाबेथ बियॉर्क या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं १९९२ साली नेमकी हीच विभागणी मांडली. एखादी माहिती मनात किती पक्की बसली आहे, ती तिची साठवण. आणि या क्षणी ती किती सहज बाहेर येते, ते तिचं काढणं. दोन्ही सोबत चालतीलच असं नाही. शाळेत पाठ केलेल्या कवितेची साठवण भक्कम असते, पण वीस वर्षांनी पहिली ओळ कुणी सांगितल्याशिवाय ती सुरू होत नाही. उलट काल उतरलेल्या हॉटेलच्या खोलीचा नंबर आज लगेच सांगता येतो आणि पुढच्या महिन्यात तो पुरता गेलेला असतो.

चार पर्यायांचं क्विझ सोपं का वाटतं, तेही यातूनच कळतं. २००० साली 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं तेव्हापासून घराघरात लोक सोफ्यावर बसून बरोबर उत्तरं देऊ लागले. तिथे उत्तर समोर मांडलेलंच असतं, आपल्याला फक्त ते ओळखायचं असतं. पर्याय नसले की गोदामात स्वतः शिरावं लागतं. म्हणून पर्यायांच्या क्विझमध्ये दहापैकी आठ मिळवणाऱ्याचे बिनपर्यायांच्या क्विझमध्ये चारच आले, तर त्यानं हिरमुसून जायचं कारण नाही. दोन्हींत मोजल्या जाणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत.

जिभेवर येऊन अडलेलं उत्तर

आता एक अवघड प्रश्न. नाटककार राम गणेश गडकरी यांचं निधन १९१९ साली नागपूरजवळच्या कोणत्या गावी झालं?

हा प्रश्न चारचौघांत विचारून बघा. काहींना गडकरींचाच पत्ता नसतो, काहींना उत्तर तोंडपाठ असतं. बघण्यासारखी असतात ती मधली माणसं. "स-वरून आहे... छिंदवाड्याच्या रस्त्यावर... सौंसर? नाही, सौंसर मध्य प्रदेशात गेलं. चार अक्षरी आहे राव..." पहिलं अक्षर आहे, लांबी आहे, रस्तासुद्धा आहे. फक्त नाव नाही. आणि मध्ये सौंसर ठाण मांडून बसलं आहे.

ही अवस्था प्रयोगशाळेत पहिल्यांदा नीट पकडली ती रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅक्नील यांनी, १९६६ साली. त्यांनी विद्यार्थ्यांना क्वचित वापरल्या जाणाऱ्या शब्दांचे फक्त अर्थ वाचून दाखवले आणि शब्द विचारला. ज्यांचा शब्द जिभेवर अडला होता, त्यांना त्याचं पहिलं अक्षर आणि तो किती अक्षरी आहे हे निव्वळ अंदाजापेक्षा कितीतरी जास्त वेळा बरोबर सांगता आलं. म्हणजे "येऊन राहिलं मले" म्हणणारा माणूस थापा मारत नसतो. गड्यानं रांग शोधलेली असते, पोत्याला हातही लागलेला असतो, फक्त शेजारचं सारख्या रंगाचं पोतं वाटेत आलेलं असतं.

विशेषनामांच्या बाबतीत हे सगळ्यात जास्त होतं. 'नाटककार' म्हटलं की रंगमंच, पडदा, संवाद असे दहा धागे आपोआप हलतात. गावाच्या किंवा माणसाच्या नावाला असे धागे फार कमी, बहुधा एकच. तो सैल झाला की संपलं. वय वाढलं की हे वाढतं, तेही खरं आहे. डेबोरा बर्क आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली लोकांना या अडखळण्याच्या रोजच्या नोंदी ठेवायला लावल्या, तेव्हा ज्येष्ठांमध्ये हे प्रसंग जास्त आढळले आणि त्यांत माणसांच्या नावांचा वाटा मोठा होता. घरातल्या आजोबांना एखादं नाव पटकन आठवलं नाही की लगेच "आबांचं आता वय झालं" असं म्हणण्याची घाई आपण करतो. नाव अडणं आणि विस्मरणाचा आजार या वेगळ्या गोष्टी आहेत. आबांना थोडा वेळ द्या. अडलेलं नाव बहुतेक वेळा मागाहून, दुसरंच काही करताना, आपणहून येतं.

पण थोडाच वेळ. ताणून धरण्यात तोटा आहे, हे कॅनडातल्या एमी वॉरिनर आणि कॅरिन हम्फ्रीज यांनी २००८ साली दाखवलं. शब्द जिभेवर अडलेल्या काहींना त्यांनी दहा सेकंदांनी उत्तर सांगितलं, काहींना तीस सेकंद झुंजू दिलं. दोन दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले, तर जास्त वेळ झुंजलेले लोक त्याच शब्दावर पुन्हा जास्त अडले. चुकीच्या रांगेत घुटमळत राहिलं की गड्याला तीच रांग सवयीची होते. म्हणून नाव जिभेवर अडलं तर अर्धा मिनिट ओढाताण करत बसू नका. कुणालातरी पहिलं अक्षर विचारा. उरलेलं स्वतःचं स्वतः काढलंत तर उत्तमच. नाहीच जमलं तर उत्तर बघा आणि एकदा मोठ्यानं म्हणा. सावनेर.

आधी लिहा, मग बघा

हा या लेखाचा गाभा, म्हणून इथे जरा थांबू.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना शास्त्रविषयक छोटे उतारे वाचायला दिले. काही उतारे त्यांनी पुन्हा एकदा वाचले. काहींच्या बाबतीत पुन्हा वाचायचं नव्हतं, कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहायचं होतं, तेही उत्तर तपासून न घेता. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचलेले उतारे पुढे होते: ८१ टक्के आठवले, लिहून काढलेले ७५ टक्के. इथपर्यंत आपला शाळेतला अनुभव खरा ठरतो. पण एका आठवड्यानंतर पारडं फिरलं. पुन्हा वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं, आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के.

एक आठवडा, म्हणजे एका रविवारपासून दुसऱ्या रविवारपर्यंत.

दुकानाचा दाखला इथे एका बाबतीत तोकडा पडतो. दुकानातला माल काढला की कमी होतो. आठवण मात्र काढली की मजबूत होते, आणि परत ठेवताना ती पुढच्या रांगेत ठेवली जाते. वाचताना माल फक्त डोळ्यांखालून जातो, वाट तुडवली जात नाही. पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो आणि त्या ओळखीलाच आपण 'येतं' असं समजतो. स्पर्धा परीक्षेचं तेच पुस्तक चौथ्यांदा रंगवणाऱ्या पोरापोरींना मी हे कळकळीनं सांगत असतो: पुस्तक मिटा आणि लिहून बघा. त्रास होईल. तो त्रासच उपयोगाचा आहे.

प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या थांब्यात आणखीही एक गोष्ट घडते. कॅलिफोर्नियात मथायस ग्रुबर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दिले, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कळण्याची किती उत्सुकता आहे ते विचारलं आणि मग त्यांना मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात झोपवलं. प्रश्न दिसायचा, काही सेकंद वाट बघावी लागायची, मग उत्तर दिसायचं. वाट बघताना मध्येच एका अनोळखी माणसाचा चेहरा दाखवला जायचा, ज्याचा प्रश्नाशी काहीएक संबंध नव्हता. ज्या प्रश्नांची उत्सुकता जास्त, त्यांची उत्तरं जास्त लक्षात राहिली. आणि त्या वाट बघण्याच्या काळात दिसलेले चेहरेसुद्धा जास्त लक्षात राहिले. उत्सुकता जागी असली की मेंदू नवीन माहिती जास्त चांगली टिपून घेतो, मग ती माहिती कुठलीही असो.

म्हणून कृपा करून उत्तराकडे उडी मारू नका. उत्तराच्या ओळीवर हात ठेवा, कागदावर काहीतरी लिहा आणि मगच हात काढा. नुसतं मनात म्हणून भागत नाही. मनात आपण तीन उत्तरं धरून ठेवतो आणि त्यातलं एक बरोबर निघालं की "हेच म्हणणार होतो" असं स्वतःलाच पटवतो.

"पण चुकीचं लिहिलं तर चूकच पक्की होईल ना?"

ही शंका रास्त आहे. आपल्या शाळांनीच ती आपल्यात पेरली आहे: चूक लिहू नका, नाहीतर तीच डोक्यात बसेल. प्रयोग मात्र वेगळं सांगतात, फक्त एका अटीवर. अंदाज केल्यावर खरं उत्तर लवकर आणि स्पष्ट कळायला हवं. ही अट पाळली तर चुकीचा अंदाज केलेली उत्तरं, अंदाज न करता नुसत्या वाचलेल्या उत्तरांपेक्षा बहुधा जास्त टिकतात.

याहून नवलाची गोष्ट ब्रॅडी बटरफिल्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१ साली दाखवली. आपण छातीठोकपणे जे चुकीचं सांगतो, ते सुधारणं आपल्याला सगळ्यात सोपं जातं. चाचपडत केलेली चूक विसरली जाते. खात्रीनं केलेली चूक उघडी पडली की माणूस दचकतो, कान टवकारतो आणि खरं उत्तर घट्ट धरतो.

नागपूरकरांसाठी याचा हमखास नमुना म्हणजे हा प्रश्न: नागपूर शहर कोणी वसवलं? जुन्या महाल भागात वाढलेला माणूससुद्धा डोळे झाकून म्हणतो, "भोसल्यांनी, आणखी कोणी?" भोसल्यांनी नागपूरला राजधानीचं वैभव दिलं, पण शहर त्यांच्या आधीचं आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा यानं १८व्या शतकाच्या सुरुवातीला नाग नदीकाठच्या छोट्या वस्त्या एकत्र करून ते वसवलं. पहिला रघूजी भोसले त्यानंतर काही दशकांनी इथे आला. ज्यानं पैज लावून 'भोसले' म्हटलं, तो बख्त बुलंद शहाचं नाव जन्मात विसरत नाही. गोंड राजवटीचा हा वारसा गावातल्या गावातच इतका पुसट व्हावा याचं वाईट वाटतं, आणि म्हणूनच हा प्रश्न मी दर वेळी मुद्दाम विचारतो.

चार पर्यायांच्या क्विझमध्ये मात्र जपून राहा. रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांनी २००५ साली दाखवलं की पर्यायांतली चुकीची उत्तरंही डोक्यात शिरतात आणि पुढे कधीतरी खरी म्हणून बाहेर पडतात. क्विझ अर्धवट टाकून उठलात आणि बरोबर उत्तरं पाहिलीच नाहीत, तर चूक खरोखरच रुजू शकते.

"मोबाईल खिशात असताना हे सगळं कशाला?"

घरातली नवी पिढी हा प्रश्न हमखास विचारते, आणि त्यांचं अगदीच चूक नाही. दहा हजार गोष्टी डोक्यात वागवण्याची गरज आज कुणालाच नाही. पण मोबाईलवर सोपवलेलं काय होतं तेही बघा. बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांनी २०११ साली लोकांना सामान्यज्ञानाची वाक्यं संगणकावर टाईप करायला दिली. काहींना सांगितलं की हे जतन होणार आहे, काहींना सांगितलं की पुसलं जाणार आहे. ज्यांना वाटलं पुसलं जाईल, त्यांना जास्त आठवलं. नंतर बघता येईल असं ठरलं की मन त्या माहितीसाठी कष्टच घेत नाही.

शोधायला तरी आधी थोडं माहीत असावं लागतं. काय शोधायचं हेच ठाऊक नसेल तर रकान्यात लिहिणार काय? आणि मिळालेलं उत्तर खरं की थातुरमातुर, हे पारखायला डोक्यात आधीची काहीतरी माहिती लागतेच. दोन दूरच्या गोष्टी जोडल्या गेल्या की जो लखकन उजेड पडतो, त्यासाठी त्या दोन्ही एकाच डोक्यात असाव्या लागतात. एक खिशात आणि एक डोक्यात असून चालत नाही. विमानांच्या प्रश्नात याचाच कस लागतो.

विमानांचं उत्तर

उत्तर: शहर नागपूर, आणि ती विमानं बदलून घ्यायची टपालाच्या थैल्या.

हे माहीत नसतानाही कसं काढता येतं ते बघू, कारण चांगला प्रश्न कसा असतो ते त्यातून कळतं. चार महानगरं चार दिशांना आहेत. सगळी विमानं एका रात्रीत जाऊन परत यायची आहेत, म्हणजे भेटीची जागा साधारण मध्यावर हवी. हैदराबाद मद्रासला जवळ, पण दिल्लीला लांब. भोपाळ दिल्लीला जवळ, पण मद्रासला लांब. नागपूरहून चारही शहरं सरळ रेषेत सुमारे ७०० ते १,००० किलोमीटरच्या टप्प्यात येतात. इतकं झालं की शहर सुटतं.

आता काय बदलायची? रात्रीच का निघायची, यात किल्ली आहे. दिवसभर गोळा होऊन संध्याकाळी तयार झालेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचायलाच हवी अशी वस्तू कोणती? पत्रं. दिल्लीच्या विमानातली मद्रासची थैली मद्रासच्या विमानात, मुंबईची मुंबईच्या विमानात, असं करत सोनेगावच्या धावपट्टीवर मध्यरात्री देशाचं टपाल अदलाबदल व्हायचं. प्रत्येक शहरातून एकच विमान, तरी चारही शहरांची पत्रं एकमेकांना. मोठ्या कुरिअर कंपन्या आज विमानांचं जाळं ज्या पद्धतीनं विणतात, तीच ही पद्धत. ती आपल्या गावात १९४९ सालीच चालू होती, याचा मला फार अभिमान वाटतो.

या प्रश्नाला पाठांतर लागत नाही. नकाशाची जाण आणि थोडा तर्क पुरतो. दुसऱ्या टोकाला असतात सनावळीचे रुक्ष प्रश्न. 'एम्प्रेस मिल कधी सुरू झाली?' या प्रश्नात येत असेल तर येतं, नाहीतर नाही. विचार करायला जागाच नाही. तोच प्रश्न असा विचारून बघा: जमशेटजी टाटांच्या नागपुरातल्या कापड गिरणीचं उद्घाटन १ जानेवारी १८७७ ला झालं. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात राणी व्हिक्टोरियाला एक नवा किताब जाहीर झाला आणि त्यावरूनच गिरणीला नाव मिळालं. नाव काय? आता व्हिक्टोरिया 'एम्प्रेस ऑफ इंडिया' झाली हे ज्याला ठाऊक आहे, त्याला गिरणीचं नाव सापडतं. गिरणी ठाऊक असलेल्याला दरबार सापडतो. आणि तारीख दोघांच्याही लक्षात राहते, कारण आता तिला दोन बाजूंनी धागे आहेत.

भारतात खुल्या क्विझची सुरुवात नील ओब्रायन यांनी १९६७ साली कलकत्त्यात केली असं मानलं जातं. दूरदर्शनवर १९८५ साली सिद्धार्थ बसू क्विझ घेऊ लागले आणि हा खेळ घराघरात पोहोचला. चांगल्या क्विझमास्तरला खेळणाऱ्याला निरुत्तर करण्यात रस नसतो. खेळणारा अर्ध्या वाटेपर्यंत स्वतः यावा आणि उरलेली अर्धी वाट धडपडत चालावा, असा प्रश्न तो रचतो. तुमच्या आठवड्याच्या क्विझमध्ये दहाच्या दहा प्रश्न 'पहिली महिला कोण', 'सर्वात उंच कोणतं' असेच असतील, तर खुशाल दुसरं क्विझ शोधा.

चार डोकी एकत्र बसली की

एकत्र खेळण्यात मजा आहेच. पण मेरी सुसान वेल्डन आणि क्रिस्टल बेलिंजर यांनी १९९७ साली एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. तीन माणसं एकत्र बसून जेवढं आठवतात, त्यापेक्षा तीच तीन माणसं वेगवेगळी बसून आठवतात आणि नंतर याद्या एकत्र करतात तेव्हा जास्त निघतं. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या शोधाची वाट मोडतं. काकांनी मोठ्यानं "सौंसर!" म्हटलं की बाकी सगळ्यांच्या डोक्यात सौंसरच घुमतं.

यावर उपाय सोपा आहे. पहिलं मिनिट कुणी बोलायचं नाही, प्रत्येकानं आपापलं लिहायचं. मग कागद उलगडायचे आणि हवं तेवढं भांडायचं. घरातली बुजरी सून, नववीतली पोरगी, कानानं कमी ऐकू येणारी आजी यांची उत्तरं एरवी मोठ्या आवाजाखाली दबतात, ती या एका नियमानं वर येतात. माझ्या मते हा नियम घरात पाळायलाच हवा.

"यानं बुद्धी वाढते का? परीक्षेत उपयोग होतो का?"

बुद्धी वाढते असं म्हणायला आधार नाही. एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ११,४३० लोकांना सहा आठवडे 'मेंदूचे व्यायाम' म्हणवणारे खेळ खेळायला लावले. लोक त्या-त्या खेळात तरबेज झाले, पण न खेळलेल्या, अगदी मिळत्याजुळत्या कामांतही फारसा फरक पडला नाही. तुम्ही क्विझ खेळाल तर क्विझमध्ये पुढे जाल आणि त्यात भेटलेल्या गोष्टी तुमच्याजवळ राहतील. ही कमाई लहान नाही, पण आजार टळतो किंवा डोकं दुप्पट चालतं असं सांगून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

स्पर्धा परीक्षेचं म्हणाल, तर क्विझचा पसारा रुंद आणि उथळ असतो, परीक्षेला खोलीही लागते. रविवारचे दहा प्रश्न राज्यसेवेचा अभ्यासक्रम भरून काढणार नाहीत. उपयोगी पडते ती पद्धत. पुस्तक मिटून आठवणं, लिहून मग तपासणं आणि ठरावीक अंतरानं परत येणं, हे इतिहासालाही लागू आहे आणि राज्यघटनेलाही.

मागच्या रविवारच्या प्रश्नांचं काय करायचं?

इथे जवळजवळ सगळेच चुकतात. क्विझ झालं, गुण मोजले, कागद रद्दीत.

जर्मन शास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं गळतं, नंतर गळण्याचा वेग मंदावतो. मग परत कधी आठवून बघायचं? निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली याचं जवळजवळ मोजून उत्तर दिलं. त्यांनी १,३५० हून अधिक लोकांना फारशी कुणाला ठाऊक नसलेली सामान्यज्ञानाची माहिती शिकवली, वेगवेगळ्या अंतरानं उजळणी करून घेतली आणि नंतर, काहींची तर जवळजवळ वर्षभरानं, चाचणी घेतली. आठवड्याभरानं लागणाऱ्या माहितीला एका दिवसानं केलेली उजळणी सगळ्यात फायद्याची ठरली. वर्षभर टिकवायच्या माहितीला सुमारे तीन आठवड्यांनी केलेली. फार लवकर केली तर माल अजून गादीपाशीच असतो, शोधायचे कष्ट पडत नाहीत आणि फायदाही होत नाही.

यातून बेत सहज ठरतो. एक दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर फक्त प्रश्न, तेही जे चुकले किंवा अडले तेवढेच, उजव्या पानावर उत्तर आणि त्यासोबत एखादा धागा: सावनेरसमोर 'छिंदवाडा रस्ता, सौंसरच्या आधी', बख्त बुलंद शहासमोर 'देवगड, गोंड, भोसल्यांच्या आधी'. नवे दहा प्रश्न खेळण्याआधी तीन रविवार मागचं पान उघडायचं, उजवी बाजू झाकायची आणि लिहायचं. जमलं त्यावर बारीक खूण करा. पुन्हा तीन आठवड्यांनी जमलं की त्याच्यावर काट मारा. जे दुसऱ्यांदाही अडलं, त्याचा धागा बदला, कारण आधीचा तुमच्या कामाचा नव्हता. आणि मुलांना दर आठवड्याला एक प्रश्न स्वतः रचायला सांगा. अजब बंगल्यातल्या, म्हणजे नागपूरच्या जुन्या वस्तुसंग्रहालयातल्या एखाद्या वस्तूवर, रामटेकच्या गडावर, शाळेच्या वाटेवरच्या कुठल्याही पुतळ्यावर. अट एवढीच, की उत्तर माहीत नसलेल्यालाही विचार करून त्याच्या जवळपास पोहोचता आलं पाहिजे.